हलकी पुली : फायदा किती, धोका किती?

राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीपासून शिवाजी उद्यमनगर फार लांब नाही. बीडाचे ओतकाम आणि लेथकाम यांसाठी नावाजलेल्या या शहरात ॲल्युमिनियमची पुली कातून घेणे अवघड नव्हे. त्यामुळे मोटारीचा 'पिकअप' वाढविण्यासाठी इंजिनाची मूळ पुली काढून हलकी पुली बसविण्याचा मोह हौशी वाहनचालकांना पडला, तर नवल नाही.

क्रँकशाफ्टच्या टोकावरील ही पुली पट्ट्याच्या साह्याने अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही फिरविते. इंजिनाचे फेरे वाढताना पुलीलाही वेग द्यावा लागतो आणि त्यात थोडी शक्ती खर्च होते. पुली हलकी असेल, तर ती वाचते. पण किती? १४ सेंटिमीटर व्यासाच्या पुलीचे वजन दीड किलोने घटविले, तर ढोबळ हिशेबाने लहान मोटारीत पहिल्या गिअरमध्ये सुमारे ९ किलो ओझे उतरविल्याइतका फरक पडतो. म्हणजे १० किलोंचा गुळाचा रवा डिकीतून काढून ठेवावा, तेवढाच! वरच्या गिअरमध्ये हा फरक अर्ध्या किलोवर येतो. महामार्गावर एका वेगाने जाताना तर काहीच उरत नाही.

धोक्याचे गणित मात्र वेगळे आहे. सिलिंडरमधील प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्टला सूक्ष्म पीळ बसतो आणि लगेच सुटतो. ठराविक फेऱ्यांवर हे धक्के शाफ्टच्या नैसर्गिक कंपनांशी जुळले, की झोपाळ्याला नेमक्या क्षणी झोके द्यावेत तशी कंपने वाढत जातात. ती शमविण्यासाठी अनेक इंजिनांच्या पुलीत मधला भाग आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. कड्याचे वजन आणि रबराचा कडकपणा त्या विशिष्ट इंजिनासाठी ठरविलेला असतो. लेथवर वजन उतरविता येते, ही जुळणी साधता येत नाही. एकसंध पुली बसविल्यास कंपने थेट शाफ्टवर येतात. पुलीचा बोल्ट सैल होणे, शाफ्टवरच बसविलेल्या ऑइलपंपाचे दाते तुटणे, कधी शाफ्टलाच तडा जाणे, असे परिणाम संभवतात. चालकाला मात्र बराच काळ काहीच जाणवत नाही. डिझेल इंजिने आणि लांब शाफ्टची सहा सिलिंडरची इंजिने यांत ही जोखीम अधिक.

काही लहान पेट्रोल इंजिनांत मूळ पुलीच रबराविना असते; तिथे हा धोका बराच कमी. तरीही कमी व्यासाची पुली निवडल्यास अल्टरनेटर मंद फिरतो आणि रात्री एसी, दिवे, वायपर सुरू ठेवून सिग्नलला थांबल्यावर बॅटरीवर ताण येतो. शर्यतीच्या गाडीची गोष्ट निराळी; तिचे इंजिन वरचेवर उघडून तपासले जाते.

जुन्या गाडीत पुलीच्या रबराला भेगा पडल्या असतील किंवा बाहेरचे कडे डगमगत असेल, तर ती पुली बदलावीच लागते. त्या वेळी दुकानात केवळ व्यास आणि पट्ट्याच्या खाचा जुळवून न थांबता नव्या पुलीत रबराचा थर आहे का, हे मिस्त्रीसमोरच पाहून घ्यावे.