सामना सुटल्यावर दार किती रुंद हवे?

द्रोणागिरीहून क्रिकेटचा मोठा सामना पाहायला जायचे तर नेरूळ आता लांब राहिलेले नाही. खारकोपर ते उरण या लोहमार्गाचे 12 जानेवारी 2024 रोजी उद्‌घाटन झाले, आणि लोकलने थेट नेरूळला उतरता येऊ लागले. तिथले डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम 2008 पासून उभे आहे. जाताना फारशी अडचण पडत नाही. प्रेक्षक दोन-तीन तासांत सवडीने जमतात. पण सामना संपताच सगळे एकदम उठतात. खरी आखणी करायची ती परतीची!

थोडे गणित करू. सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर 82 माणसे सुरक्षित बाहेर पडतात, असे ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या नियमपुस्तिकेत धरले आहे. जिन्यावर हा आकडा 66 वर येतो. समजा, 40,000 प्रेक्षक 8 मिनिटांत बाहेर काढायचे आहेत. म्हणजे मिनिटाला 5,000. 5,000 ला 82 ने भागा. सुमारे 61 मीटर रुंदीची वाट लागेल. तीन-तीन मीटरची सुमारे वीस दारे! त्यांतली निम्मी बंद असली तर काय होईल, ते तुम्हीच काढा.

घाई केली तर लवकर सुटू, असे वाटते ना? घडते उलट. चौरस मीटरमध्ये एखादाच माणूस असेल, तर तो सेकंदाला मीटरभर सहज चालतो. चार झाले की पाऊल टाकायला जागा उरत नाही, आणि दारातून जाणाऱ्यांची संख्याही घटते. सहा-सातांच्या पुढे तर गर्दी पाण्यासारखी वाहते. मागचा रेटा लाटेसारखा पुढे जातो आणि एकट्याच्या ताकदीने तो थोपवता येत नाही. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसामुळे माणसे जिन्यातच थांबून राहिली. त्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा बळी गेला.

म्हणून आत शिरतानाच आपले दार आणि त्याखेरीज दुसरे एखादे पाहून ठेवा. सामना संपल्यावर पंधरा मिनिटे जागेवरच बसा. दाटीत सापडलात तर दोन्ही हात छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, मग ती नवी टोपी का असेना!

शेवटच्या लोकलची वेळ मात्र घरूनच पाहून निघा. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिला संघाने याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या दिवशी पावसामुळे खेळ दुपारी 3 ऐवजी 5 ला सुरू झाला, आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली होती.