पडद्यावरील पहिले चित्र

संगणकाची कळ दाबल्यापासून त्याची कार्यप्रणाली कामास लागेपर्यंत काही सेकंद जातात. या अवधीत कित्येकदा पडद्यावर एक छोटी यादी दिसते. कधी मात्र पडदा काळाच राहतो, किंवा अक्षरे मुंगीएवढी बारीक उमटतात. यंत्र बिघडले असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक यंत्र पुष्कळदा धडधाकट असते; जुळत नसते ती त्याची व पडद्याची भाषा. लिनक्स प्रणालीत ही भाषा स्वतःच्या हाताने कशी जुळवून देता येते, ते आपण पाहू.

कळ दाबताच प्रथम जागे होते ते फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच कायम साठविलेली प्राथमिक आज्ञावली. ती यंत्राची तपासणी करून पुढील कार्यभार बूट लोडरकडे सोपविते. बूट लोडर लिनक्सचे मूळ अंग, म्हणजे कर्नल, तबकडीवरून स्मृतीत आणून त्यास चालना देतो. हे कर्नल लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केले. आज लिनक्ससाठी फार प्रचारात असलेला बूट लोडर म्हणजे ग्रब. त्याचा आरंभ १९९५ साली एरिक बोलेन यांनी केला. त्याच्या नव्या पिढीची २.०० ही आवृत्ती २०१२ साली आली.

ग्रब काम करीत असतो तेव्हा चित्रफलक चालविणारी लिनक्सची आज्ञावली अद्याप स्मृतीत आलेली नसते. म्हणून त्यास फर्मवेअरवरच विसंबावे लागते. आडवे बिंदू किती, उभे किती आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी किती बिट, अशा चित्ररीतींची एक यादी फर्मवेअर पुढे करते. उदाहरणार्थ, १०२४×७६८ या रीतीत ७,८६,४३२ बिंदू असतात. प्रत्येकास चार बाइट दिले, तर एका चित्रास सुमारे ३१ लक्ष ४५ हजार बाइट स्मृती लागते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, जी रीत यादीत नाही ती ग्रबला निर्माण करता येत नाही. पडद्याचा स्वतःचा आकार त्या यादीत असेलच असेही नाही.

म्हणून पहिली पायरी विचारण्याची. ग्रबची यादी दिसत असता ‘सी’ हे अक्षर दाबावे व ‘व्हिडिओइन्फो’ ही आज्ञा द्यावी. उपलब्ध रीती समोर येतात. त्यांपैकी एक ‘सेट जीएफएक्समोड’ या आज्ञेने निवडून, ‘टर्मिनल आउटपुट’ या आज्ञेने प्रथम ‘कन्सोल’ व मग ‘जीएफएक्सटर्म’ असे क्रमाने सांगितले, म्हणजे ती लगेच पडताळता येते. ही चाचणी कोठेही लिहिली जात नाही. यंत्र पुन्हा सुरू केले की ती पुसली जाते.

चाचणी पटली म्हणजे दुसरी पायरी. प्रशासकाच्या अधिकाराने ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील ‘डिफॉल्ट’मध्ये असलेली ‘ग्रब’ ही फाइल उघडावी; तत्पूर्वी तिची प्रत काढून ठेवावी. तीत ‘ग्रब जीएफएक्समोड’ या नावाची ओळ असते. तिच्या आरंभी # हे चिन्ह असेल, तर ती निष्क्रिय समजावी व ते चिन्ह काढावे. पुढे निवडलेली रीत इंग्रजी अंकांत, मध्ये ‘एक्स’ अक्षर घालून लिहावी. स्वल्पविराम देऊन शेवटी ‘ऑटो’ हा शब्द जोडावा. ग्रब क्रमाने एकेक रीत आजमावितो. पहिली न जमल्यास शेवटची हाताशी राहते. ‘ग्रब जीएफएक्सपेलोड लिनक्स’ या ओळीत ‘कीप’ लिहिले, तर तीच रीत कर्नललाही सोपविली जाते. चित्र नकोच, साधी अक्षरे पुरेत, असे वाटल्यास ‘ग्रब टर्मिनल’च्या ओळीत ‘कन्सोल’ लिहावे.

शेवटी डेबियन व उबुंटू यांत ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली, म्हणजे ग्रब प्रत्यक्ष वाचतो ती फाइल नव्याने तयार होते. तीत थेट हात घालू नये. पुढच्या वेळी ती पुन्हा घडविली जाते आणि हाताने केलेले फेरफार नाहीसे होतात.

शाळेतील वा ग्रंथालयातील जुना पडदा नव्या यंत्रास जोडला आणि काळोख दिसला, तर दोहोंपैकी एकास निकामी ठरविण्याची घाई करू नये. आधी यादी विचारावी, मग चाचणी घ्यावी आणि मगच लिहावे. एवढा क्रम पाळणाऱ्यास पुष्कळदा नवे काहीच विकत घ्यावे लागत नाही.