जिथे ऊनही मंडळीत जमा होते

गुजरातमधील मही आणि शेढी या नद्यांच्या मधल्या सपाट, गाळाच्या जमिनीला चरोतर म्हणतात. आजचे खेडा आणि आणंद हे जिल्हे या टापूत येतात, आणि तंबाखू, केळी व दुभती जनावरे ही त्याची जुनी ओळख आहे. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदी परका नाही, कारण त्यातील पेटलादचा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होता आणि 1946 मध्ये स्थापन झालेल्या खेडा जिल्हा दूध संघाचे, म्हणजेच पुढे ‘अमूल’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या संस्थेचे दूध आरंभापासून मुंबईला जात होते. त्या संघाने गावोगाव जी रीत रुजवली ती सरळ होती: ज्याच्याकडे जे थोडेफार आहे ते त्याने गावातल्या केंद्रावर आणावे, तिथे ते त्याच्यासमोर मोजले जावे आणि मोजमापाप्रमाणे पैसे मिळावेत. गेल्या दशकात हीच रीत चरोतर परिसरातील दोन लहान गावांनी उन्हाला आणि शेणाला लावली, आणि ही गावे पाहण्याजोगी झाली ती त्यामुळेच. सौरपट्ट्या आणि गोबरगॅस तर देशभर आहेत.

पहिले गाव ढुंडी, खेडा जिल्ह्याच्या ठासरा तालुक्यातले. येथील शेतकरी पूर्वी डिझेलच्या पंपांवर पाणी उपसत आणि शेजाऱ्यालाही विकत. 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी ‘ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी’ स्थापन केली. सौरपंप चालवून उरलेली वीज एकत्रितपणे विकणारी ही जगातील पहिली सहकारी संस्था मानली जाते. प्रयोगामागे आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था आणि टाटा न्यासांचा संयुक्त जलधोरण कार्यक्रम होता, आणि त्याची मांडणी भूजलाचे अभ्यासक तुषार शहा यांच्या एका स्पष्ट चिंतेतून झाली होती. सौरपंप एकदा बसला की त्यानंतरच्या प्रत्येक तासाचा उपसा शेतकऱ्याला फुकट पडतो, आणि फुकट पाण्याला हात आखडता घेण्याचे कारण उरत नाही. फुकट वा ठोक दराच्या विजेने देशाच्या अनेक भागांत भूजलाची जी गत केली तीच सूर्यही करू शकला असता. यावर शोधलेला उपाय म्हणजे उरलेल्या विजेला गिऱ्हाईक मिळवून देणे, जेणेकरून शेतकऱ्याला पंप चालवताना आपण विक्रीची वीज खर्च करत आहोत याचे भान राहील.

सहा जणांच्या पट्ट्यांची मिळून क्षमता सुरुवातीला 56.4 किलोवॉट होती. स्वच्छ उन्हाच्या दिवशी एवढ्या क्षमतेतून सव्वादोनशे युनिटच्या आसपास वीज निघते. पंप चालू असेल तेव्हा ती पंपाला जाते आणि बंद असेल तेव्हा मंडळीच्या स्वतःच्या तारांवरून एकाच ठिकाणी गोळा होऊन मध्य गुजरात वीज कंपनीच्या वाहिनीत सोडली जाते. प्रयोगाचे मर्म या एकाच जागी आहे. वीज कंपनीला शेताशेतातले मीटर वाचत हिंडावे लागत नाही, ती एका मीटरवर युनिटला 4 रुपये 63 पैसे या दराने मंडळीला पैसे देते, आणि कोणाची वीज किती हा हिशेब मंडळी आपल्या सभासदांत करते, जसा तो दुधाच्या केंद्रावर होत आला आहे. करार 25 वर्षांचा असून त्या बदल्यात शेतकऱ्यांनी सवलतीच्या कृषी वीजजोडणीवरील हक्क सोडला. प्रयोगाच्या काळात संशोधन संस्थेने हरित ऊर्जेसाठी सव्वा रुपया आणि पाणी वाचवण्यासाठी सव्वा रुपया असा जादा मोबदला दिल्याने युनिटला 7 रुपये 13 पैसे पडत. पट्ट्या उंच मांडणीवर असल्याने खालची जमीनही पडीक राहिली नाही; पालक, गाजर, लसूण अशी कमी उन्हात येणारी पिके तेथे घेतली गेली.

दुसरे गाव, आणंद जिल्ह्याच्या बोरसद तालुक्यातले झकरियापुरा, शेणाच्या वापरासाठी नावाजले आहे. शेण हवाबंद टाकीत कुजले की जिवाणू त्यातून वायू तयार करतात आणि या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असल्याने तो निळ्या ज्योतीने जळतो, हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 मध्येच मैल्यापासून मिळवलेल्या वायूवर दिवे लावले गेले होते. खादी ग्रामोद्योग आयोगाने पसरवलेली तरंगत्या लोखंडी टोपीची संयंत्रे महाराष्ट्राच्याही अनेक गावांत पोहोचली आणि टोपी गंजली, जनावरे कमी झाली किंवा सिलिंडर दारात आला की बंद पडली. संयंत्र रोज राबवण्यासाठी चुलीवरचा गॅस हे एकच कारण पुरेसे ठरले नाही, हा त्या इतिहासाचा खरा धडा आहे.

झकरियापुऱ्यात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दुसरे कारण उभे केले. घराच्या परसात दोन घनमीटर क्षमतेचे संयंत्र असते. गोठ्यातले सुमारे 50 किलो शेण तेवढ्याच पाण्यात हाताने कालवून, काडीकचरा वेचून त्याचा शेणकाला तोंडाच्या हौदातून आत सोडायचा, हे काम मुख्यत्वे बायकांच्या हातचे. कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक त्या गॅसवर होतो आणि दुसऱ्या तोंडातून पातळ, जवळजवळ बिनवासाची स्लरी बाहेर पडते. ती आधी आपल्या शेताला घातली जाते आणि उरलेली विकत घेतली जाते, पण केवळ लिटरवर नव्हे. घट्टपणा आणि कस पाहून दर ठरतो, त्यामुळे पाणी घालून माप वाढवण्यात काही अर्थ राहत नाही. दुधाच्या फॅटवर पिढ्यान्‌पिढ्या पैसे घेतलेल्या गावाला हे समजावून सांगावे लागले नसावे. गोळा झालेल्या स्लरीपासून स्फुरदयुक्त सेंद्रिय खत बनते, आणि अशा शेणखतांसाठी मंडळाने ‘सुधन’ ही मुद्रा नोंदवली आहे. चूल फुंकण्याच्या धुरातून सुटका ही या गावातल्या स्त्रियांची सर्वांत मोठी कमाई आहे. तिची नोंद कोणत्याही वहीत होत नसली तरी ती स्लरीच्या पैशांहून मोलाची मानली पाहिजे.

दोन्ही प्रयोगांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. ढुंडीच्या उभारणीचा बहुतांश खर्च अनुदानातून झाला, पहिल्या सभासदांचा वाटा अल्प होता, आणि जादा मोबदल्याशिवाय 4 रुपये 63 पैशांत शेतकऱ्याचा हात किती आखडतो हा प्रश्न उरतो. गोबरगॅसला रोज पाणी लागते, थंडीत तो मंदावतो आणि ज्याच्या दारात जनावर नाही त्या भूमिहीनाला त्यात जागा नाही. तरीही 2018 मध्ये गुजरात सरकारने आणलेल्या ‘सूर्यशक्ती किसान योजने’त आणि 2019 च्या केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेत शेतकऱ्याने वीज विकण्याची तीच कल्पना आढळते. महाराष्ट्राने 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वेगळी वाट धरली. तीत प्रकल्प वाहिनीच्या उपकेंद्राजवळ उभा राहतो, शेतकऱ्याला दिवसा वीज आणि जमीन दिली असल्यास भाडे मिळते, पण विजेचा उत्पादक तो नसतो. दिवसा पाणी मिळणे ही मोठीच सोय आहे, रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने मोटर सुरू करायला जाणाऱ्याला तिचे मोल विचारावे. मात्र पाणी जपण्याचे जे कारण ढुंडीत हाती पडले ते या रचनेत आपोआप येत नाही.

मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरील आणंदहून गोध्र्याकडे जाणारा फाटा उमरेठ आणि डाकोरवरून ठासऱ्याला पोहोचतो. डाकोरच्या रणछोडरायाला जाणाऱ्या मराठी भाविकांना तेथून ढुंडी दूर नाही. बोरसद आणंदच्या दक्षिणेला असून रस्त्याने सहज गाठता येते.