जुनी रेडियल आर्म सॉ घेताय? आधी आर्म हलवून बघा
कपाटाच्या रुंद बाजू आडव्या कापायला हे मशीन झकास: फळी जागेवर, पातं सरकतं. पण 10 इंची म्हणजे पात्याचा व्यास, कापाची रुंदी नव्हे. मोटर आर्मवर किती सरकते, टेपने मोजा.

प्लग काढा, लॉक लावा, आर्मचं टोक धरून हलवा. प्ले आहे आणि अ‍ॅडजस्ट करूनही जात नाही? सोडून द्या. रुंद कापात काटकोन बिघडतो, माल परत येतो.

अमेरिकन मशीनची प्लेट वाचा. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ असेल, तर आपल्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झसाठी होणारा खर्च किमतीत धरा.

गार्ड नसेल तर नकोच. पातं निगेटिव्ह हुकचं हवं, नाहीतर ते फळीवर चढून तुमच्याकडे झेपावतं.

शेवटी विकणाऱ्याकडूनच रुंद फळी कापून घ्या, गुण्या लावा, मगच पैसे मोजा.