गोवर पुरळाआधीच पसरतो

माघ-फाल्गुनात वर्गातली दोन-चार मुले एकदम आजारी पडतात. "अंगावर काही दिसत नव्हते, म्हणून शाळेत पाठवले," असे आईबाप सांगतात. घोटाळा तिथेच होतो. गोवर झालेले मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवीत असते, आणि ते वर्गातून गेल्यावरही रोगाचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतात.

म्हणून आपण पुरळाची वाट पाहू नये. चढता ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असे एकत्र दिसले, की मुलाला उजेडात तोंड उघडायला सांगावे. गालाच्या आतून, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असले तर गोवर जवळजवळ ठरलाच. हे ठिपके दोन-तीन दिवसच टिकतात. न दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. मग कानामागून व कपाळावरून तांबडे पुरळ उठते आणि पायांपर्यंत उतरते.

कांजिण्यांचे तसे नाही. त्या पाण्याने भरलेल्या व खाजऱ्या असतात, आणि अंगावर एकाच वेळी लाल ठिपके, फोड व खपल्या दिसतात. यात अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नये. गालगुंड तर कानाखालच्या सुजेवरून आजीही ओळखते.

पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडाची सूज आल्यापासून पाच दिवस, आणि कांजिण्यांत सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत मुलाला घरी ठेवावे. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस आम्हांला आवडत नाही ते यासाठीच.

गोवरात औषध-अन्न बंद करण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती घातक आहे. मूल दगावते ते बहुधा न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. धाप, झटके किंवा ग्लानी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वही देतात. त्याने डोळे वाचतात.

गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम 2017 साली गोवा व कर्नाटकात पहिल्याच टप्प्यात झाली. आता पहिला डोस नवव्या महिन्यानंतर व दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. घरातले लसीचे कार्ड काढून पाहावे. दुसऱ्या डोसाचा रकाना कोरा असला, तर मूल शाळेत जाऊ लागले तरी आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे.