पीएच.डी. झाली, मग पोरगं अजून ‘फेलो’च कसं?

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात गावोगाव फिरताना ऊस, दूध आणि कर्जमाफीच्या गप्पा झाल्या की एक प्रश्न हमखास निघतो. पोरगं विद्यापीठात फिजिक्समध्ये पीएच.डी. झालं, नावाआधी ‘डॉ.’ लागलं, पेपरात फोटोही आला. पण नोकरी कुठाय? विचारलं तर म्हणतंय, पोस्टडॉक करतोय. म्हणजे शिकतंय का कमावतंय? सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं?

प्रश्न शेतीचा नाही, पण शेतकऱ्याच्या घरातला आहे. म्हणून या आठवड्यात हुमणी आणि खत बाजूला ठेवून यावर लिहितो.

पोस्टडॉक ही पदवी नव्हे. त्याची परीक्षा नसते आणि पदवीदान समारंभात गाऊनही मिळत नाही. पीएच.डी. झालेल्या माणसानं दुसऱ्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं पगारी संशोधन करायचं, याला पोस्टडॉक म्हणतात. पगाराला तिथं फेलोशिप किंवा मानधन म्हणतात, एवढाच फरक. आपल्या भाषेत सांगायचं तर पीएच.डी. ही लागण आणि पोस्टडॉक हा खोडवा. मुळं तयार असतात, बेण्याचा आणि नांगरटीचा खर्च नसतो. नीट जोपासला तर खोडवा चांगला पैसा देतो. पण आपल्याकडं खोडव्याकडं दुर्लक्ष करायची खोड आहे, तसंच इथंही होतं.

शिवाजी विद्यापीठाचंच उदाहरण घेऊ. हे विद्यापीठ 1962 साली सुरू झालं. तिथला पदार्थविज्ञान विभाग ओळखला जातो तो ‘थिन फिल्म’च्या, म्हणजे पातळ थरांच्या कामासाठी. दुधावर साय धरते तसा काचेच्या किंवा धातूच्या पट्टीवर एखाद्या पदार्थाचा थर चढवायचा. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. परदेशात यासाठी हवा काढून घेणारी महागडी यंत्रं वापरतात. कोल्हापूरच्या मंडळींनी स्वस्तातला रस्ता धरला. रसायनाच्या द्रावणात पट्टी बुडवून ठेवायची, किंवा गरम पट्टीवर द्रावणाची फवारणी करायची. फवारणी म्हटल्यावर आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको! अशा थरांपासून सौर घट, वायू ओळखणारे संवेदक आणि झटकन चार्ज होणारे सुपरकपॅसिटर यांवर काम चालतं. कमी पैशात, बेताच्या साधनांत काम करायची ही सवय या पोरांना पुढं फार उपयोगी पडली.

कशी, ते बघा. दक्षिण कोरियात ग्वांगजू नावाचं शहर आहे. तिथल्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात आणि कोरियातल्या इतर विद्यापीठांत कोल्हापूर-सोलापूरकडची कितीतरी मुलं पोस्टडॉक करून आली. बॅटरी, टीव्हीचे पडदे, इलेक्ट्रॉनिक्स यांचे मोठे कारखाने त्या देशात आहेत. त्यामुळं पदार्थांवर काम करणारी माणसं त्यांना लागतात. एक गेला की तो दुसऱ्याचं नाव सुचवतो. आपली माणसं एकमेकांच्या ओळखीनं मुंबईच्या गिरण्यांत गेली होती, तोच प्रकार. तिथला प्राध्यापक आपल्या प्रकल्पातून पगार देतो आणि संशोधकांसाठीचा ई-3 व्हिसा मिळतो. करार बहुधा वर्षावर्षाचा असतो. पुढं वाढवायचा की नाही, हे त्या प्राध्यापकाच्या हातात. ‘परदेशी गेला म्हणजे सुटला’ असं धरून कुणी घराच्या स्लॅबचं कर्ज काढू नये. जपानची जेएसपीएस फेलोशिप पीएच.डी. झाल्यापासून सहा वर्षांच्या आत असलेल्यांना मिळते. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपला ही मुदत आठ वर्षांची आहे. म्हणजे पदवी हातात पडली की घड्याळ सुरू होतं.

देशातल्या देशातही वाटा आहेत. प्राध्यापकाच्या प्रकल्पात रिसर्च असोसिएट, म्हणजे आरए, म्हणून लागता येतं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं 2023 साली दर वाढवले. त्यानुसार आरएच्या तीन पायऱ्या महिना 58,000, 61,000 आणि 67,000 रुपये अशा झाल्या, घरभाडं वेगळं. सीएसआयआरची आरएशिप स्वतःच्या नावावर मिळते. नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप ही दोन वर्षांची. ती पूर्वी सर्ब हे मंडळ द्यायचं. 2023 च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि सर्ब त्यात विलीन झालं. लग्न, बाळंतपण यामुळं संशोधनात खंड पडलेल्या मुलींसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज’ योजना आहे. सासरच्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी एक. सारथी, बार्टी, महाज्योती यांची फेलोशिप घेऊन आपली बरीच मुलं पीएच.डी. करतात. ती फेलोशिप पीएच.डी.पुरती असते. मुदत संपली की हप्ता बंद. त्यामुळं पुढची तजवीज शेवटच्या वर्षातच करावी लागते. प्रबंध दिल्यावर सहा महिने घरी बसून जाहिरातीची वाट बघणं परवडत नाही. आधी ज्याच्याकडं जायचं त्या प्राध्यापकाला पत्र लिहायचं, आपलं काम दाखवायचं, त्याचा होकार घ्यायचा आणि मग त्याच्या सल्ल्यानं प्रस्ताव लिहायचा. अर्ज त्यानंतर. होकार नसताना केलेला अर्ज म्हणजे वाफसा नसताना केलेली पेरणी.

आता बापाच्या मूळ प्रश्नाकडं येऊ. हे सगळं करून पर्मनंट कधी? खरं सांगायचं तर खात्री कुणीच देऊ शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी निवडताना गुण धरले होते. त्यात शिकवण्याच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला 2, जास्तीत जास्त 10 गुण होते. म्हणजे तीन वर्षं पोस्टडॉक केलं तर 6 गुण. हे थोडे नाहीत, कारण चढाओढ एकेका गुणाची असते. पण हे गुण मुलाखतीच्या दारापर्यंतच नेतात. आणि जागाच निघाल्या नाहीत तर दार तरी कुठलं?

दुसरी वाट म्हणजे गावाजवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. पोरगं डोळ्यासमोर राहतं, आईला बरं वाटतं. पण घेतील तेवढ्या तासांचेच पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही, आणि प्रयोगशाळेपासून एकदा तुटलं की परत जाणं अवघड. तिसरी वाट कुणी उघड बोलत नाही, पण पारावर सगळ्यांना ठाऊक असते. कुठंतरी ‘संस्थेला’ रक्कम द्यायची आणि त्यासाठी रस्त्याकडेचा एकर मोडायचा. माझं मत स्पष्ट आहे. जमीन विकून नोकरी घेऊ नका. ती रक्कम द्यायला पावती नसते आणि परत मागायला तोंड नसतं. त्यापेक्षा दोन-तीन वर्षं पोस्टडॉक बरं. घरातून पैसा जात नाही, उलट थोडाफार येतो.

थोडाफार म्हणालो, कारण फेलोशिप दर महिन्याला वेळेवर जमा होईलच असं नाही. ऊसबिलाची वाट बघायची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. भविष्यनिर्वाह निधी नसतो, पेन्शन नसते, बँक गृहकर्जाला नाक मुरडते. तेव्हा निदान चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच शहरात खोली घ्यावी.

आणि खोडव्याचा निडवा, निडव्याचा पुन्हा पुढचा खोडवा असं करत राहू नये. दोन जागा, फार तर तीन जागा, झाल्या की उतारा घटतो, वय मात्र वाढतं. पस्तिशीच्या आत ठरवावं. कंपनी, शाळा, स्पर्धा परीक्षा, स्वतःचा उद्योग, जे जमेल ते धरावं. असं केलेल्याला गावानं ‘एवढं शिकून काय उपयोग’ म्हणून टोचू नये.

पस्तिशीचा आकडा उगाच सांगितला नाही. नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपची वयोमर्यादा 35 वर्षं आहे. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, महिला आणि अपंग उमेदवारांना पाच वर्षांची सूट मिळते. इथं तलाठी भाऊसाहेब आणि सेतूवाल्यांचा संबंध येतो. ओबीसी उमेदवाराला दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात लागतो, राज्याचा नमुना चालत नाही. 2024 च्या राज्य कायद्यातलं एसईबीसी प्रमाणपत्रही केंद्राच्या सवलतीला चालत नाही. कुणबी नोंद असेल तर गोष्ट वेगळी, कारण महाराष्ट्रातला कुणबी केंद्राच्या यादीत आहे. नॉन-क्रीमिलेयरसाठी आठ लाखांची मर्यादा मोजताना केंद्राच्या नियमात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. बागायत क्षेत्र किती, हे मात्र वेगळं बघतात. कित्येक शेतकरी ‘आपण बसत नाही’ म्हणून अर्जच करत नाहीत.

परदेशी जाणाऱ्याला पदवीची साक्षांकित प्रत आणि पासपोर्टची पोलीस पडताळणी लागते. यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावाच्या घोळात. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बापू’, आधारवर ‘बाबुराव’, सातबाऱ्यावर ‘बाबू’. ग्रामपंचायतीनं आणि मुख्याध्यापकांनी नोंदी तपासून द्याव्यात. राजपत्रात नाव दुरुस्त करायचं असेल तर ते पीएच.डी. चालू असतानाच उरकावं, कारण परदेशातून होकाराचं पत्र आलं की हातात फार दिवस उरत नाहीत.