हरवलेली ठिणगी
इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० पर्यंत तयार झालेली एम. जी. बी. ही उघड्या टपाची मोटार कधीं कधीं थंड असतां सुरळीत चालते आणि तापतांच भर रस्त्यांत बंद पडते. मग धनी कार्बुरेटर खोलून बसतो! आमच्या मतें हा उतावळेपणा होय. गाडी तापलेली आहे तोंच प्रथम प्लगची ठिणगी पाहावी. ती निळी व कडक असेल, तरच पेट्रोलकडे वळावें. पिवळट असेल, तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढावें. आंतील पॉइंट्सची फट १५ सहस्रांश इंच असावी. पॉइंट्स जळून काळवंडले असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. हा चिमुकला जिन्नस तापला कीं दगा देतो, निवला कीं साळसूद बनतो. कॉइलचीही खोड तीच. परंतु दोन्ही एकदम बदलूं नयेत, नाहींतर खरा अपराधी कळतच नाहीं.